झाडाला टांगलेली बाज

यवतमाळहून तुळजापूरच्या वाटेला लागले की सुमारे चाळीस किलोमीटरवर अरुणावती नदीच्या काठी आर्णी हे तालुक्याचे गाव येते. बाबा कंबलपोशांच्या दर्ग्यामुळे हे गाव वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. पण आजचा आपला विषय उरूस नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या रस्त्याने जाल, तर दोन्ही अंगांना कपाशीची बोंडे उकललेली दिसतील. शेतात सीतादही होऊन वेचणी सुरू झालेली असते. कमरेला ओटी बांधून बाया रांगेने पुढे सरकत असतात, आणि बांधावरच्या एखाद्या कडुनिंबाला किंवा बाभळीला एक जुने लुगडे लोंबत असते. नीट पाहिले तर त्यात एक मूल गाढ झोपलेले आढळते. वाऱ्याची झुळूक आली की लुगडे हलते, झुळूक थांबली की थांबते. पाळणा विकत आणलेला नाही, सुताराला पैसे दिलेले नाहीत, आणि संध्याकाळी गाठ सोडली की तेच लुगडे वेचणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ होऊन घरी जाते.

शहरातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात आजकाल ‘हॅमॉक’ नावाची एक वस्तू मिळते. रंगीत, तलम, मुठीएवढ्या पिशवीत मावणारी. सहलीला, डोंगरावर, नदीकाठी मुक्कामाला जाणारी तरुण मंडळी ती हौसेने घेतात आणि दोन झाडांच्या मध्ये टांगून तीत पहुडतात. किंमत ऐकून घरातली वडीलधारी माणसे भुवया उंचावतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ही झोळीच आहे. फक्त मूल जाऊन तिथे मोठे माणूस आले, आणि एका फांदीच्या जागी दोन झाडे आली. ज्या घरात शिवणयंत्र आहे, एक धडधाकट सुती पातळ आहे आणि परकराचा नेफा कसा घालतात हे जाणणारी गृहिणी आहे, त्या घरात ही वस्तू एका दुपारी तयार होते. कशी, ते सांगण्यापूर्वी थोडे इकडचे तिकडचे बोलू.

या वस्तूचा शोध गोऱ्या लोकांनी लावला असा एक समज आहे. तो खरा नाही. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथले मूळ रहिवासी कापसाच्या सुताने विणलेल्या जाळ्यांत झोपत असलेले त्याच्या लोकांनी पाहिले. त्या जाळीला तिथे ‘हमाका’ म्हणत. तो शब्द स्पॅनिश भाषेतून इंग्रजीत गेला आणि त्याचे ‘हॅमॉक’ झाले. म्हणजे ही मुळात कापूस पिकवणाऱ्यांची वस्तू, हे यवतमाळकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे जहाजांवर तिची मोठी सोय झाली. जहाज डावीउजवीकडे कलले तरी टांगलेली झोळी सरळच राहते, त्यामुळे झोपलेला खलाशी गडगडत खाली येत नाही. दुसऱ्या महायुद्धात दमट जंगलांत लढणाऱ्या शिपायांसाठी अमेरिकन सैन्याने वर छत आणि भोवती मच्छरदाणी असलेली झोळीच काढली होती. आपल्याकडे कोकणात ओसरीवर फळीचा झोपाळा आला, शहरात बंगईची कडी आली. पण मोठ्या माणसाने रात्रभर झोपायची कापडी झोळी मात्र मध्यमवर्गीय घरात कधी शिरली नाही. ती शेताच्या बांधावरच राहिली.

आता कोणी विचारील, चांगली जमीन असताना हवेत लोंबकळायची हौस कशाला? याचे उत्तर हौशी सहलवाल्यांपेक्षा आर्णीकडचा जागली अधिक चांगले देईल. रानडुकरे आणि रोही रात्रीतून उभे पीक फस्त करतात, म्हणून या भागातला शेतकरी हंगामात रात्र शेतात काढतो. याला जागल म्हणतात. ज्याला मचाण बांधणे परवडते तो मचाणावर चढतो. बाकीचे भुईवरच पथारी टाकतात. आणि भुईवर रात्री फिरणाऱ्या प्राण्यांत मण्यार हा साप आहे. त्याची खोड अशी, की दिवसा तो सुस्त असतो आणि रात्री भक्ष्य शोधत हिंडताना जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि तेव्हा कुठे काहीतरी घडल्याचे कळते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली. जमिनीपासून हात-दीड हात वर झोपणे आणि मच्छरदाणी नीट खोचून घेणे, या दोन साध्या गोष्टींनी मण्यारीचा धोका पुष्कळच कमी होतो. बाजेवर झोपा असे म्हणणे सोपे आहे. पण बाज डोक्यावर घेऊन कोण हिंडणार? झोळी खांद्यावरच्या पिशवीत मावते. दंश झालाच, तर मांत्रिक आणि झाडपाला यांत घटका न घालवता, ज्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस मिळते तो गाठावा, हे याच ओघात सांगून ठेवतो.

वाघापासून मात्र झोळी कोणाला वाचवत नाही. आर्णीच्या पूर्वेला घाटंजी आणि पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वरचे अभयारण्य आहे, तिथे वाघ आहेत आणि ते अभयारण्याची हद्द वाचून चालत नाहीत. जंगलखात्याच्या परवानगीवाचून अशा रानात मुक्काम करू नये. आणि परवानगी मिळते तिथेही त्यांच्याच माणसांना जागा विचारावी. आपली झोळी आमराईसाठी, ओळखीच्या माणसाच्या मळ्यासाठी, नदीकाठच्या सहलीसाठी.

बांधावर झोळी टांगणारी बाई आणि दुकानातून हॅमॉक आणणारा शहरी तरुण यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे. ती बाई झोळी खोल, सैल सोडते. तरुणाला वाटते, झोळी ताठ असली म्हणजे ती पलंगासारखी सपाट होईल. म्हणून तो दोन्ही दोऱ्या दात ओठ खाऊन ओढतो. त्याचे फळ असे, की आत शिरताच कापड त्याला दोन्ही बाजूंनी आवळते, अंग टाकताच झोळी उलटते, नाहीतर दोरी तुटून तो पाठीवर आपटतो. मग तो दोरीला दोष देतो. वास्तविक दोरी बिचारी तिला सोसवेल त्याहून कितीतरी जास्त ओझे वाहत असते.

हे कसे, ते घरातल्या घरात समजून घेता येते. पाण्याने भरलेली बादली दोघींनी मिळून उचलावी. दोघी जवळ जवळ उभ्या राहिल्या तर बादली हलकी वाटते. आता हळूहळू एकमेकींपासून दूर सरका. बादली तीच, पाणी तेच, पण हात भरून येऊ लागतात. आणि हात जवळजवळ आडवे झाले की बादली उचलणे अशक्य होते. झोळीच्या दोऱ्यांचे नेमके हेच होते. साठ किलो वजनाचा माणूस झोळीत निजला आणि दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करून उतरत असली, तर प्रत्येक दोरीवर साठ किलोंचाच ताण येतो. कोन वीस अंशांचा केला की तो अठ्ठ्याऐंशी होतो. दहा अंशांवर एकशे त्र्याहत्तर. आणि दोरी तारेसारखी ताणून कोन पाच अंशांवर आणला, तर एकेका दोरीवर तीनशे चव्वेचाळीस किलोंचा ताण पडतो. माणूस तोच साठ किलोंचा. त्यातून तो धपकन बसला तर विचारूच नका.

तेव्हा तीस अंश हा आकडा पाठ करावा. मोजायचा कसा? मुलांच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात, त्यांतल्या लांबट गुण्याचा सर्वांत निमुळता कोपरा तीस अंशांचा असतो. तो दोरीजवळ आडवा धरला की एका नजरेत कळते. मुलांना हे काम सांगावे. भूमितीचा असा उपयोग त्यांना वर्गात कोणी दाखवलेला नसतो.

आता कापडाकडे वळू. मोठ्या माणसाला झोळी नऊ फूट लांब हवी आणि चार फुटांच्या आसपास पन्ह्याची हवी. सात फुटांची झोळी पुरेल असे वाटते, पण पुरत नाही. तीत माणूस केळ्यासारखा वाकतो आणि सकाळी कंबर धरून उठतो. आता गंमत पाहा. सहावारी पातळ म्हणजे अठरा फूट. त्याची मधोमध घडी घातली की बरोबर नऊ फूट दुहेरी कापड हाती येते. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या तीन घड्या केल्या की पुन्हा नऊ फूट, तेही तिहेरी. जणू आपल्या आज्यांनी हा हिशोब आधीच करून ठेवला होता! शिवाय पातळाला दोन्ही बाजूंनी विणलेले काठ असतात, त्यामुळे कडा दुमडून शिवण्याचा खटाटोप वाचतो. काठाची वीण घट्ट असते आणि झोळीवर सर्वांत जास्त ओढ कडांनाच बसते, म्हणून काठाचे पातळ साध्या कापडापेक्षा इथे सरस ठरते.

मात्र जुने, झिजलेले लुगडे यासाठी घेऊ नये. बांधावरच्या झोळीत सात-आठ किलोंचे मूल असते; तुमच्या झोळीत साठ-सत्तर किलोंचा गृहस्थ निजणार आहे. कापड उन्हाकडे धरून पाहावे. विरळ झालेली जागा लगेच दिसते, आणि ती बहुधा बसण्याच्या आणि गुडघ्याच्या ठिकाणी असते. मग दोन्ही मुठींत धरून आडवे-उभे ओढून पाहावे. ‘टर्र’ असा बारीक जरी आवाज आला तरी त्या कापडाची गोधडी करावी, झोळी नको. पातळ फाडायला जिवावर येत असेल, तर पेठेतून सहा वार मांजरपाट आणावा. तो जाडाभरडा असतो, स्वस्त असतो आणि धुतल्यावर मऊ पडतो. आधी एकदा पाण्यातून काढून आटवून घ्यावा, नाहीतर नऊ फुटांचे साडेआठ होतात.

हलकेपणाचे वेड असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. कापडवाले ज्याला ‘पॅराशूट कापड’ म्हणतात, ते नायलॉनचे तलम कापड एकेरीच पुरते. चौरस मीटरला पन्नास ग्रॅम वजनाचे कापड घेतले आणि पाऊण तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद तुकडा कापला, तर तो सारा दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे जेमतेम एक पेलाभर पाणी. सुती दुहेरी झोळी याच्या दुपटीहून जड होते. नायलॉन भिजत नाही, भिजले तरी लवकर वाळते. पण ते अंगाला गार लागते, घामट होते, निसरडे असते, आणि शेकोटीची एक ठिणगी पडली की भोक पडून वितळत जाते. पाठीवर ओझे घेऊन चार दिवस डोंगर तुडवायचे असतील तर नायलॉन घ्यावे. घरच्या मंडळींबरोबर एका रात्रीच्या सहलीला जायचे असेल तर माझे मत पातळाला.

शिवण अगदी थोडी. पातळाची दुहेरी घडी करून जमिनीवर अंथरावी. एका टोकाला घडी येईल, दुसऱ्या टोकाला दोन मोकळ्या कडा. मोकळ्या कडा एकत्र आत दुमडून दोन-अडीच इंचांचा नेफा घालावा, परकराला घालतो तसाच, फक्त रुंद. घडीच्या बाजूलाही तेवढेच अंतर सोडून आडवी शिवण मारावी, की तिकडेही नेफा तयार झाला. शिवणीच्या तीन ओळी घालाव्यात, दोरा जाड घ्यावा, आणि दोन्ही काठांपाशी उलटसुलट टाके मारून शिवण पक्की करावी. दोन थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून काठाकाठाने लांब धावदोरा घातला की काम संपले. एका बाजूचा धावदोरा हातभर उघडा ठेवावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

नेफ्यात नाडी घालतो तशी दोरी घालायची, पण नाडीची नव्हे. करंगळीएवढ्या जाडीची, विणलेली पॉलिस्टरची दोरी प्रत्येक टोकाला चार-पाच फूट घ्यावी. ती नेफ्यातून ओवून कापडाच्या चुण्या एकत्र घट्ट आणाव्यात आणि दोरीची दोन्ही टोके जुळवून आठाच्या आकड्यासारखी गाठ मारावी. शेतात सर्रास दिसणारी निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी स्वस्त असते, पण ती उन्हाने कडकडीत होते आणि तिच्यावरून गाठ घसरते. पूर्वी या भागात बांधाबांधाला अंबाडी लावत आणि तिच्या वाखाचे दोर घरीच वळत. त्या दोरावर गाठ अशी बसे की सोडवताना नखे मोडत. पण ओलीने तो कुजतो, म्हणून माणूस टांगायला जुना अंबाडीचा दोर वापरू नये. अंबाडीची भाजी आणि सरबत मात्र अवश्य घ्यावे.

झाडाला प्रत्यक्ष दोरी बांधू नये. बारीक दोरी सालीत रुतते, झाडाला व्रण पडतो आणि दोरीही कापली जाते. इथे आपली जुनी नवार कामाला येते. नवारीचा पलंग आता फारसा कोणाच्या घरी उरलेला नाही, पण नवार अजून बाजारात मिळते. प्रत्येक झाडासाठी आठ-दहा फुटांची पट्टी घ्यावी, एक टोक वीतभर दुमडून चौकोनी शिवण घालून वर फुली मारावी, म्हणजे एक मजबूत फासा तयार होतो. पट्टी खोडाभोवती घेऊन तिचे दुसरे टोक या फाशातून ओढले की ती झाडाला आवळून बसते आणि उतरवताना क्षणात सुटते.

नवार आणि झोळीची दोरी जोडायला विणकराची गाठ घालावी. मागावर धागा तुटला की विणकर तो याच गाठीने जोडतो. नवारीचे टोक दुमडून त्याचे हाताने एक कान करावे. दोरी खालून त्या कानात वर घ्यावी, कानाच्या मागून फिरवावी आणि तिच्या स्वतःच्याच खाली खोचावी. दोरी गुळगुळीत असेल तर दोनदा फिरवून खोचावी. ही गाठ ओढ बसली की घट्ट होते आणि ओढ गेली की सुटायला सोपी जाते. निरगाठ मारून ठेवली तर सकाळी विळा शोधत बसावे लागते, आणि सुरगाठ मारली तर रात्रीच कोणीतरी टोक ओढून गंमत करते.

आता झाडे. कडुनिंब, चिंच, आंबा, मोह, चांगला जून साग, ही भरवशाची झाडे. खोड निदान मांडीपेक्षा जाड असावे. बाभूळ मजबूत असते, पण खालच्या काट्यांमुळे अनवाणी उतरणाऱ्याला ती आयुष्यभर आठवते. शेवग्याच्या वाऱ्यालाही जाऊ नये. त्याचे लाकूड किती कचकडे असते ते शेंगा काढायला चढलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. गुलमोहर दिसायला देखणा, पण पावसाळ्यात शहरातल्या मोटारींवर आडवे पडणाऱ्या झाडांत त्याचा नंबर वरचा. झाड निवडले की आधी वर पाहावे. वाळकी फांदी डोक्यावर नको. आणि आग्या मोहोळ लोंबत असेल तर त्या झाडाखाली बोलूसुद्धा नये, तिथे शेकोटी पेटवणे तर दूरच.

दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर असावे आणि नवार साधारण पुरुषाच्या खांद्याच्या ते डोक्याच्या उंचीला बांधावी. मग गुण्या लावून तीस अंश पाहावेत. दर वेळी हे मोजायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे: झोळीच्या दोन टोकांच्या गाठींमध्ये साडेसात फुटांची एक बारीक पण पक्की दोरी कायमची बांधून टाकावी. घराला आढे असते तशी ही झोळीची आढ्याची दोरी. झाडे जवळ असोत की लांब, ती ताणली गेली की कापडाला जेवढा झोल हवा तेवढाच मिळतो, कमी नाही, जास्त नाही. हिच्यावरच रात्री मच्छरदाणी सोडता येते, चष्मा आणि विजेरी अडकवता येते. मात्र ही दोरी आहे म्हणून झाडाकडच्या दोऱ्या ताठ ओढू नयेत. तसे केले तर सारा ताण या बारीक दोरीवर येतो.

माणूस बसण्यापूर्वी गव्हाचे पोते बसवावे. पन्नास किलोंचे पोते झोळीत ठेवून अर्धा तास थांबले की गाठी आवळतात, दोरी ताणायची तेवढी ताणते, आणि काही उसवायचे असेल तर ते पोत्याखाली उसवते. त्यानंतर कापड खुर्चीच्या उंचीवर येईल असे पुन्हा बांधावे. याहून उंच टांगण्यात शौर्य नाही. पडायचेच झाले तर दीड फुटावरून पडावे. पाठ झोळीकडे करून मधोमध बसावे, मग पाय उचलावेत. आणि आता या झोळीचे सर्वांत मोठे गुपित: तीत सरळ निजायचे नसते, तिरपे निजायचे असते. डोके थोडे डावीकडे, पाय थोडे उजवीकडे, किंवा उलट. कापड सैल असले की असे निजताच ते पाठीखाली सपाट होते आणि बाजेवर निजल्यासारखे वाटते. ताठ बांधलेल्या झोळीत हे साधतच नाही. शहरातले बरेच लोक एकदा झोळीत निजून पाठ दुखली म्हणून तिला कायमची नावे ठेवतात, ते सरळ निजलेले असतात.

थंडीचेही एक आहे. दिवाळीनंतर वऱ्हाडातली रात्र चांगली बोचते, आणि झोळीत थंडी वरून नव्हे, खालून लागते, कारण खाली मोकळी हवा वाहत असते. अंगावर दोन रग घेऊनही कुडकुडणारे लोक आहेत. एक घोंगडी किंवा गोधडी पाठीखाली घालावी. हातभर उघड्या ठेवलेल्या काठातून ती दोन थरांच्या मधे सारली तर रात्रभर सरकत नाही, आणि खालून चावणाऱ्या डासांचीही पंचाईत होते. कंबलपोश बाबांच्या गावाशेजारी मुक्काम करणाऱ्याने कांबळे विसरू नये, एवढे तरी पथ्य पाळावे. पावसाची शंका असेल तर आढ्याच्या दोरीच्या हातभर वर आणखी एक दोरी बांधून ताडपत्री टाकावी, आणि नवारीवरून ओघळणारे पाणी झोळीत येऊ नये म्हणून गाठीच्या अलीकडे एक चिंधी बांधावी. पाणी चिंधीवरून खाली ठिबकते.

झोळी तयार झाली की ती पहिल्यांदा घरातच टांगून पाहण्याचा मोह होणार, आणि खरा धोका तिथे आहे. गच्चीचा कठडा, फाटकाचा विटांचा खांब, गॅलरीचे गज, कपडे वाळत घालायचे हूक, यांपैकी कशालाही झोळी बांधू नये. विटांचा खांब वरून येणारे ओझे वर्षानुवर्षे पेलतो, पण झोळी त्याला आडवी ओढते. साठ किलोंच्या माणसाची ही आडवी ओढ तीस अंशांवर बावन्न किलोंची असते. झोळी ताठ बांधून कोन दहा अंशांवर आणला की ती एकशे सत्तरवर जाते. विटांची चिणाई अशा ओढीसाठी केलेलीच नसते. खांब मुळातून मोडतो, आणि झोळीत निजलेल्याच्या अंगावरच येतो, कारण ओढ त्याच दिशेने असते. अशा अपघातांत माणसे, विशेषतः मुले, प्राणास मुकली आहेत. घरात टांगायचीच असेल तर काँक्रीटच्या तुळईत किंवा स्लॅबमध्ये जाणकार माणसाकडून पाळण्याच्या कड्या बसवून घ्याव्यात.

मुलांबद्दल आणखी एक. साडीच्या झोळीत थोडी जाणती मुले गोल गोल फिरून पीळ घालतात आणि तो सुटताना गरगर फिरण्याची मजा घेतात. त्या पिळात मान अडकून मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्या आहेत. मोठे माणूस जवळ नसेल तेव्हा झोळी उतरवून ठेवावी. उतरवायला अर्धा मिनिट लागतो. बांधावरच्या बाईला मात्र ही चैन नसते. ती तासाच्या टोकापर्यंत वेचत जाते आणि परत फिरली की आधी झाडाकडे पाहते. पन्नासांहून अधिक बायका असलेल्या गिरणीत पाळणाघर हवे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवले. पुढे तो आकडा तीसवर आला. ज्या कापसावर गिरण्या चालल्या तो वेचणाऱ्या बाईला या कायद्याचा काही उपयोग नाही, कारण शेत हा कारखाना नव्हे. तिचे पाळणाघर म्हणजे कडुनिंब आणि लुगडे.

सहलीला नेलेल्या झोळीचा आणखी एक उपयोग सांगायचा राहिला. गडचिरोली, मेळघाट, पालघरच्या डोंगराळ पाड्यांतून पावसाळ्यात रस्ता तुटला की आजारी माणसाला, अडलेल्या बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून दवाखान्यापर्यंत नेतात. वर्तमानपत्रांतून अशा बातम्या आजही येतात, आणि त्या वाचून मान खाली जाते. पण हीच विद्या डोंगरावर पाय मुरगळलेल्या किंवा सर्पदंश झालेल्या सोबत्यासाठी आपल्यालाही आली पाहिजे. झोळीच्या दोन्ही टोकांचे दोरीचे फासे एका जाड, सरळ, हिरव्या बांबूत ओवावेत आणि ते आत सरकू नयेत म्हणून बांबूच्या पेरापाशी आणखी एक वेढा घेऊन पक्के बांधावेत. दोघांनी पुढे-मागे खांदा द्यावा, दोघांनी बाजूने झोल सावरत चालावे आणि दर दोन-तीनशे पावलांवर खांदे बदलावेत. पाय मिळवून चालू नये, नाहीतर झोळी हिंदकळते. पुढच्याचा उजवा पडेल तेव्हा मागच्याचा डावा पडावा.

परतल्यावर सुती झोळी साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी, दोऱ्या काढून वेगळ्या गुंडाळाव्यात आणि सारे एका उशीच्या अभ्र्यात भरून ठेवावे. दर मोसमाच्या सुरुवातीला नेफ्याच्या शिवणी उन्हाकडे धरून पाहाव्यात. टाके ढिले झालेले दिसले की नवे घालावेत, आणि कापडच विरले असेल तर काठ कापून वेगळे ठेवावेत. पुढच्या झोळीच्या कडांना ते लावता येतात.